भूमीत सापडणारी नाणी आणि शिक्षकांचे कर्तव्य

(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुनी नाणी शोधण्याचा एक छंद इंग्लंडमध्ये फार लोकप्रिय आहे. सुट्टीच्या दिवशी चार मित्र मिळून, जमीनमालकाची परवानगी घेऊन, धातुशोधक यंत्रासह शेतातून हिंडतात. सार्वजनिक उद्यानात शोध घ्यावयाचा तर तेथील स्थानिक संस्थेची अनुमती लागते. यंत्राची रचना साधी आहे. दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते व त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहतो. त्यामुळे निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात धातूची वस्तू आली की तीत अल्प प्रवाह उत्पन्न होतो. तो ओळखून यंत्र आवाज करते. नाण्याएवढी वस्तू मात्र सुमारे वीतभर खोलीपर्यंतच सापडते.

यंत्र सांगते ते एवढेच, की येथे धातू आहे. त्या धातूतून इतिहास बोलेल की नाही, हे ज्याला ती वस्तू सापडली त्याच्या वर्तनावर अवलंबून असते. आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे ते हेच.

१९९२ साली इंग्लंडमधील सफोक परगण्यात, हॉक्सन या गावी, एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधावयास आलेल्या त्याच्या निवृत्त स्नेह्याच्या यंत्राने आवाज केला आणि खाली रोमन काळातील सोन्यारुप्याची नाणी दिसू लागली. त्याने थोडीशी नाणी वर काढली आणि तेथेच हात आवरला. अधिकाऱ्यांना वर्दी देण्यात आली व दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर उत्खनन केले. सुमारे १५,००० नाणी, दागिने व चमचे तर मिळालेच; पण ते ज्या लाकडी पेटीत ठेवले होते तिचे अवशेषही हाती आले आणि आत काय कोठे रचले होते तेही कळले. सर्वांत अलीकडील नाणी इ. स. ४०७–०८ ची असल्यामुळे, ब्रिटनमधील रोमन सत्ता ओसरत असताना किंवा त्यानंतर ही पेटी पुरली गेली, असे अनुमान निघाले. सर्व नाणी घाईने उकरली असती तर धन मिळाले असते. ज्ञान मात्र मातीत मिसळले असते.

हे परदेशातले झाले. आपल्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षहरात राजा नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला असे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो. त्या विधानाला या नाण्यांनी साक्ष दिली. हा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर तेवढी चांदी उरली असती, साक्षीदार उरला नसता.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे काळी आणि पांढरी हा भेद सर्वांस ठाऊक आहे. जुन्या वस्तीच्या पांढरीत पावसाळ्यानंतर खापरे उघडी पडतात. क्वचित एखादी शिवराईही मिळते. ती मूल प्रथम कोणास दाखविते? पुष्कळदा आपल्या गुरुजींना किंवा बाईंना. म्हणून त्या प्रसंगी काय करावे, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे.

पहिली गोष्ट, नाणे चिंचेने वा राखेने घासू देऊ नये. त्याने अक्षरे झिजतात. दुसरी, जागा लिहून ठेवावी: शेत कोणते, गट क्रमांक काय, खोली किती, जवळ खापर, वीट, कोळसा काय होते. तिसरी, मुलांना उकरण्यास कधीही पाठवू नये. संरक्षित स्मारकाच्या जागी तर विनापरवाना खणणे हा अपराधच आहे. चौथी, पालकांस कायदा समजावून सांगावा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार, दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कळविणाऱ्यास कायद्याने हिस्सा किंवा मोबदला मिळू शकतो. दडविणारा तो हक्क गमावतो व शिक्षेसही पात्र होतो. भीतीपोटी लोक दडवितात, ती भीती आपण दूर करावयाची आहे.

याहून भयंकर आहे ते गुप्तधनाचे वेड. मांत्रिकाच्या नादी लागून घरे बुडाली, निष्पापांचे बळीही गेले. महाराष्ट्राने २०१३ साली याविरुद्ध कायदा केला. परंतु कायद्याआधी शाळेने बोलावयास हवे. जमिनीतील धनावर नाग पहारा देत नाही. ते कोणा भयभीत माणसाने संकटकाळी पुरलेले असते, हे मुलांना सांगावे.

यासाठी वर्गात एक सोपा पाठ घेता येईल. चालू नाणे मुलांच्या हाती द्यावे आणि विचारावे, “दोन हजार वर्षांनी हे कोणाला सापडले, तर त्याला आपल्याविषयी काय कळेल?” मुले लिपी, साल, अशोकस्तंभावरील सिंह आणि ‘सत्यमेव जयते’ शोधून काढतील. सालाखाली लहान चौकट दिसली तर ते नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, हे आपण सांगावे. ज्या मुलाने असे नाणे वाचले, ते मूल सापडलेले जुने नाणे वितळू देणार नाही.

आपल्या शाळांतून अशी मुले तयार होवोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.