जीपचे दाते
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने येथे उभे राहावे ते पाककृती सांगायला, असे मला वाटत होते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, भिशीच्या पैशांतून जीपचे काय केलेत ते सांगा. पैसे तुमचे, तेव्हा हिशेब देणे आलेच.

आमची जीप जुनी, चारी चाकांना ओढ देणारी. पावसाळ्यात वरच्या वाड्यांचे दूध तिच्यातूनच खाली येते. २०२३ च्या मे महिन्यात तिचा मागचा डिफरन्शियल गेला. मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी गोळा दिसतो ना, त्याच्या पोटात हा असतो. इंजिनाकडून आलेल्या दांड्याचे फिरणे तो चाकांकडे वळवतो, आणि वळणावर एक चाक हळू, एक जलद फिरू देतो. भिशीचे १२ हजार घेऊन ह्यांनी जुन्या बाजारातून दुसरा आणला.

मिस्त्री बसवायच्या तयारीत. मी चहा घेऊन गेले, तर जुनी मोठी दातेरी चकती, क्राऊन म्हणतात ती, फरशीवर पडलेली. विणकामामुळे मोजायची खोड. सहज दाते मोजले. ४३ भरले. आणलेल्याचे ३९! लहान पिनियन दोन्हीकडे ८ दात्यांचे.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, चार दात्यांनी काय होतंय? चिखलात चालून जातं." माझे मध्ये बोलणे ह्यांनाही रुचले नाही. मी लेकीच्या पाटीवर मांडून दाखवले. पुढच्या डिफरन्शियलचे दाते जुन्या मागच्याइतकेच. म्हणजे दांडा ४३ वेळा फिरला की पुढची चाके ८ फेरे घेणार, मागची पावणेनऊहून जास्त. नुसत्या मागच्या चाकांवर चालवले तर निभेल. पण चारी जोडली की पुढची-मागची आपसांत ओढाताण करणार. चिखलात टायर घसरून वेळ जाईल. कोरड्या डांबरावर सगळा ताण मधल्या गिअरवर. ह्यांनी पाटी दोनदा पाहिली, चहा तसाच ठेवला आणि डिफरन्शियल पोत्यात घातला.

दुकानदाराने हजार रुपये कापून बदलून दिला. चार दिवस दूध भाड्याच्या टेंपोने गेले, ती खोट आमची.

बसवायला दीड दिवस लागला. बेअरिंगची डावी टोपी डावीकडे, उजवी उजवीकडेच. अदलाबदल चालत नाही. पातळ चकत्या घालून दात्यांतली मोकळीक बेतायची, ती इंचाच्या हजार भागांतले पाच-सहा भाग. घट्ट झाली तर तापते, सैल राहिली तर दाते तुटतात. दाते कुठे टेकतात हे पाहायला मिस्त्रींनी तेलात कालवलेला शेंदूर लावला, मारुतीला लावतात तसा! ठसा दात्याच्या मध्यावर हवा. आमचा टोकाला उमटला. पुन्हा सगळे खोलले. शेवटी ९० नंबरचे तेल, भोकाच्या काठापर्यंत.

पहिल्या पावसात किटल्या वेळेवर खाली आल्या. भिशीचे पैसे दिवाळीत फिटले. झाकणाच्या कडेने रात्रीत एखादा थेंब अजून गळतो. खाली करवंटी ठेवते.