वाडा भाड्याने देण्यापूर्वी



सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडायचा की राखायचा, यावर घरात तीन वर्षं खल चालला होता. मागचा चौक पडीक होता आणि पावसाळ्यात माडीवर जागोजागी पातेली मांडावी लागत. शेवटी भावंडांनी ठरवलं, वाडा दुरुस्त करायचा आणि खोल्या भाड्याने द्यायच्या.

पेठांतले वाडे असे का खचले? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरूंना आसरा मिळाला, तो हवाच होता. पण त्या पैशांत कौलंही बदलता येईनात. मालकाने हात आखडता घेतला, भाडेकरूने दुसऱ्याच्या भिंतीवर खर्च केला नाही आणि वाशांना वाळवी लागली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली, ती मुळातल्या इवल्याशा रकमेवर.

आमच्या वाड्यातल्या एक आजी जन्मभर दोन खणांत राहिल्या. काम सुरू झालं तेव्हा त्यांनीच काठीने दाखवलं, "पाणी इथून शिरतं रे, तिथून नव्हे." त्यांचं बरोबर निघालं. त्या भाडेकरू म्हणून तशाच राहिल्या, त्यांच्या खोलीची दुरुस्तीही आधी केली.

पहिला पैसा गेला छतावर. दुसरा लाकडावर. सुतार तुळईवर हातोडीने ठोकत फिरला. निरोगी सागवान खणखणीत वाजतं, किडलेलं बद्द. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आणि मोरीजवळच्या खांबांचे पाय, एवढंच कुजलं होतं. तेवढा भाग कापून जुन्या सागवानाचाच तुकडा सांध्याने बसवला. खांब तळखड्यावर पुन्हा उभे राहिले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

भिंतींची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. कुणीतरी पूर्वी खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. विटा, माती आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते. ओल वर चढत जाते, लोणा लागतो, पोपडे पडतात. आम्ही तो गिलावा खरवडला, भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवली, मग मुरवलेल्या चुन्याने लिंपली. गवंडी शोधायलाच चार महिने गेले. घाई करणाऱ्यांनी या कामात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाड्याने द्यायचं म्हणजे न्हाणीघरं हवीत. प्रत्येक खोलीला एक, असा सल्ला मिळाला. लाकडी पाटावर न्हाणीघर बांधणं म्हणजे नुकतीच घालवलेली ओल परत बोलावणं! आम्ही ती सगळी मागच्या चौकात, जमिनीवर, पक्क्या बांधकामात घेतली. माडीवरच्या मुलांना जिना उतरावा लागतो. ते आम्ही आधीच सांगतो.

मुलं म्हणजे स्पर्धा परीक्षांची. पेठांत त्यांना कॉट बेसिसवर जागा लागते. दिवाणखान्यात आठ कॉट बसतील, असं दलालाने हिशेब करून सांगितलं. आम्ही तीन ठेवल्या. गावाकडून आलेल्या मुलाला अभ्यासाला उजेड आणि पुस्तकांना फळी मिळायला हवी, आणि जुन्या कडीपाटावर किती भार टाकायचा हेही पाहायला हवं. भाडं कमी येतं, पण मुलं टिकतात. करार लेखी करून नोंदवायचा. ती जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली आहे. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर हातोडी उचलण्याआधी परवानगी घ्या.

गुंतवलेला पैसा अजून वसूल झालेला नाही, होईल तो सावकाश. वर्षातल्या दोन महिन्यांचं भाडं आम्ही शाकारणीसाठी बाजूला काढतो. यंदा वैशाखात कौलं उतरवून पन्हळी साफ केल्या, फुटकी कौलं बदलली. आजी खाली चौकात उभ्या राहून वर काठी दाखवत होत्या.