घरापासून दूरचा वर्ग

३० ऑगस्ट १९६१. घानातील आक्रा विमानतळावर पन्नासेक अमेरिकी तरुण उतरले. ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारी सेवासंस्थेचे हे पहिले स्वयंसेवक, शिक्षक म्हणून आलेले. उतरल्यावर त्यांनी तिथल्या ट्वी भाषेत गाणं म्हटलं. मुदत दोन वर्षांची, भत्ता स्थानिक राहणीपुरता. घरची खबर पत्रानेच, तीही उशिरा. मला मोठी वाटते ती त्यांची तिथलंच होऊन राहण्याची तयारी. पुढे १९६६मध्ये, ६८व्या वर्षी, नंतर अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर याच संस्थेत दाखल झाल्या आणि आपल्या विक्रोळीत परिचारिका म्हणून राबल्या. कुटुंबाला लिहिलेली त्यांची पत्रं नंतर पुस्तकरूपाने आली. तुमच्या गावच्या शाळेतही परगावचे गुरुजी किंवा बाई असतील. येत्या सणाला त्यांना आवर्जून घरी जेवायला बोलवा.