तडा गेला म्हणून काय झाले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मला मसाल्यावर नाही तर विणकामावर बोलायला सांगतात. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "गच्चीवर मुखवटा लावून काय करत होतात, तेच सांगा." म्हणून आज मोटारीच्या स्पॉयलरची कथा सांगते.

स्पॉयलर म्हणजे गाडीच्या मागच्या दारावर, काचेच्या वरच्या बाजूला पुढे आलेली पट्टी. १९६१ साली इटलीच्या फेरारी कंपनीने शर्यतीच्या गाडीला अशी पट्टी लावली. भरधाव गाडी वाऱ्याने मागून उचलली जाऊ नये, हा तिचा उद्देश. आमची गाडी ताशी चाळीसच्या वर जात नाही, तेव्हा आमच्याकडे ती दागिन्यासारखीच! मात्र ब्रेकचा मधला लाल दिवा तिच्यातच बसवलेला असतो, म्हणून तिला अगदीच निरुपयोगी म्हणता येत नाही.

आषाढात मंडळाच्या सतरंज्या उतरवताना मी मागचे दार घाईने वर केले आणि ते वाहनतळाच्या खाली आलेल्या तुळईवर धाडकन आपटले. स्पॉयलरला वीतभर तडा गेला. चिरंजीव संध्याकाळी येऊन पाहून गेला आणि शांतपणे म्हणाला, "आई, आता गाडी राहू दे. बाबांना मी नेत जाईन."

आपल्याला ठाऊकच आहे, यजमानांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. वयाच्या ५६ व्या वर्षी मी गाडी शिकले ती त्यासाठीच. मुलाची नोकरी, त्याचा लांबचा प्रवास. त्याला रजा मिळणार किती? शिवाय येताना यजमान थकलेले असतात, त्यांना बोलवत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून गाडी कुठे थांबवायची ते मला कळते. ते काम मला दुसऱ्यावर सोपवायचे नव्हते. गॅरेजवाल्याकडे गेले, तर त्याने नवा भाग घालायचा आकडा सांगितला, तोही माझ्याकडे न पाहता चिरंजीवाकडे पाहून. घरी येऊन मी पदर खोचला.

प्रथम आतील अस्तर काढून नटा सैल केल्या, दिव्याची तार आणि काच धुण्याच्या पाण्याची नळी सोडवली व पट्टी उतरवली. उघडी भोके चिकटपट्टीने बंद केली. भांडे घासायच्या साबणाने पट्टी स्वच्छ धुतली. आतल्या बाजूस एबीएस अशी अक्षरे उठवलेली होती. ही अक्षरे आधी पाहावीत, कारण प्रत्येक प्लॅस्टिकचा स्वभाव निराळा. पीपी असे असेल तर साधा रंग त्यावर धरत नाही. आधी रंग धरवणारे वेगळे अस्तर मारावे लागते. आणि एबीएस ॲसिटोनने विरघळते, म्हणून नखांचा रंग काढायचे औषध घेऊन पुसायला जाऊ नये.

फाटत्या कापडाला आपण टोकाशी टाका घालतो ना, तसे तड्याच्या अगदी टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडायचे. शेजाऱ्यांचे ड्रिल मागून आणून मी ते पाडले. भोक पाडले की तडा पुढे सरकत नाही. मग बाहेरून तड्यावर इंग्रजी व्हीसारखी खाच केली, म्हणजे भरण आत धरते. आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडून तिथे काचतंतूचे कापड दोन भागांच्या इपॉक्सीत भिजवून ठिगळासारखे बसवले. एक दिवस हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरची खाच भरली. तीही वाळल्यावर प्लॅस्टिकची लवचिक पुटी अगदी पातळ लावली.

येथपासून यजमान माझे गुरू झाले. ते चित्रकलेचे शिक्षक होते. आता हात थरथरतो, पण नजर तशीच आहे. खुर्चीवर बसून म्हणाले, "कोळशाची पूड चोळ आणि मग घास. जिथे काळे राहील तिथे खळगा." खरोखरच मला सपाट वाटलेल्या जागी दोन काळे ठिपके राहिले! पुन्हा पुटी, पुन्हा घासणे. १८० वरून ३२०, मग ४००. शेवटी डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो.

नंतर पूड स्वच्छ पुसून प्रायमर मारला आणि तो ६०० नंबरच्या पेपरने पाण्यात भिजवून हलकेच घासला. गाडीच्या रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो दाखवून दुकानातून त्या रंगाचा फवाऱ्याचा डबा भरून आणला.

आणि इथेच माझी फजिती झाली. ते सगळे दिवस आम्ही रिक्षाने जात होतो. परतताना खड्ड्यांचे धक्के यजमानांना सोसेनात. पुढच्या फेरीच्या आत गाडी हवी, म्हणून श्रावणातली एक सर ओसरताच मी गच्चीवर जाऊन रंग मारला. तासाभरात त्यावर दुधाळ पांढरी झाक आली. हवेतला ओलावा ओल्या रंगावर बसला की असे होते. मी पायरीवर बसून रडले, हे आज प्रथमच सांगते. यजमान वरती येऊ शकत नव्हते. खाली गेल्यावर एवढेच म्हणाले, "कागद ओला असताना दुसरा हात मारू नये, हे मी मुलांना तीस वर्षे सांगितले. त्यांनी ऐकले नाही, तू तरी कशी ऐकशील?" आम्ही दोघेही हसलो.

तो थर घासून काढला आणि कोरड्या दिवसाची वाट पाहिली. रिक्षाच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या. मग सावलीत, पण मोकळ्या हवेत, वीतभर अंतरावरून पातळ थर दिले. फवारा कडेच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवायचा आणि दोन थरांत दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यायची. शेवटी चकाकीचा पारदर्शक थर.

दोन सूचना मात्र गंभीरपणे ऐका. या वाफा छातीला घातक असतात. साधे फडके किंवा धुळीचा मुखवटा त्यांना अडवत नाही. वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मुखवटा आणि हातमोजे घ्यावेत. आणि जवळ शेगडी, उदबत्ती, निरांजन काहीही पेटलेले नसावे. स्वयंपाकघराच्या गॅलरीत हे काम कधीही करू नये.

सारे साहित्य अडीच हजारांच्या आत आले. पट्टी बसवल्यावर प्रथम ब्रेक दाबून दिवा लागतो ना, ते सूनबाईकडून पाहून घेतले. चिरंजीवाने पट्टीवरून बोट फिरवले आणि विचारले, "तडा कुठे होता?" मी दाखवला. तिरप्या उन्हात पाहिले तर एक पुसट रेघ अजून दिसते. ती मी लपवत नाही.

पुढच्या गुरुवारी मी गाडी काढली. यजमान शेजारी बसले. तुळईच्या आधीच दोन हात गाडी उभी केली. आता तिथे मी खडूने रेघ मारून ठेवली आहे. येताना नेहमीप्रमाणे ते डोळे मिटून होते. पुलाच्या अलीकडे त्यांनी बोट किंचित उचलले. मी गाडी कडेला घेतली, पाणी दिले आणि थोड्या वेळाने आम्ही घरी आलो.

भगिनींनो, मोडलेले सगळेच दुरुस्त होते असे मी म्हणणार नाही. पण टाकून देण्यापूर्वी एकदा उलटे करून आत काय लिहिले आहे ते वाचावे, एवढे मी शिकले. पॉलिशपेपर बराच उरला आहे. कोणाला हवा असल्यास दुपारी तीननंतर यावे. सोमवार आणि गुरुवार सोडून.