बांधकामाचा दर सांगताना आपली मजुरी आधी धरा

आज आपण हिशेबाबद्दल बोलणार आहोत. पण हा हिशेब बचतीचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा नाही, कामाच्या दराचा आहे.

आमच्या गटातल्या काहीजणी मिळून बांधकामाची लहान कामं अंगावर घेतो. गिलावा, कोबा, फरशी, रंग, न्हाणी-संडासाची दुरुस्ती. दोघी गवंडीकाम शिकल्या, बाकीच्या बिगारी करतात. "बायकांना बांधकामातलं काय कळतंय?" हे आम्हालाही ऐकावं लागलं. पण आमच्या लातूर-धाराशिवकडे १९९३ च्या भूकंपानंतर घरांची कामं निघाली, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांनी त्यात पुढाकार घेतला होता. तेव्हा कामाची भीती नव्हती. दर सांगायला मात्र आम्हाला येत नव्हतं.

पहिलं मोठं काम होतं एका घराचा गिलावा आणि फरशी. घरमालक म्हणाले, "सामानासकट ३५ हजारांत करून द्या." आम्ही उभ्याउभ्याच बेरीज केली. सामान १८ हजार, मजुरी १३ हजार, टेम्पो दीड हजार. झाले साडेबत्तीस. अडीच हजार उरतात, चला, म्हणून नारळ फोडला.

पुढं काय झालं ऐका. सिमेंटच्या तीन गोण्या कमी पडल्या. बांबू-फळ्यांचं भाडं धरलंच नव्हतं. दोन दिवस पावसानं खाल्ले. एका भिंतीचा गिलावा पोकळ वाजला, तो पाडून पुन्हा केला. आठ दिवसांचं काम अकरा दिवस चाललं आणि खर्च ४० हजारांवर गेला. वरचे पाच हजार कुठून आले? आमच्याच मजुरीतून. शेवटच्या तीन दिवसांचे पैसे कोणालाच मिळाले नाहीत. आमच्यातल्या एका ताईनं त्या आठवड्याचा किराणा उधारीवर आणला. पुढच्या कामाला ती आली नाही, आणि आम्हाला तिला बोलावण्याचं तोंड नव्हतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली. दर कमी सांगितला, तर ती सूट घरमालकाला आपल्या मजुरीतूनच जाते.

आता आम्ही आधी टेप घेऊन जातो. भिंत मोजतो, वहीत लिहितो, घरी येऊन हिशेब करतो. जागेवर आकडा सांगत नाही. वहीत तीन रकाने असतात.

पहिला रकाना थेट खर्चाचा. सामान दुकानात विचारून, आजच्या भावानं. वाया जाईल म्हणून शंभराला पाच तरी जास्त. टेम्पो, बांबूचं भाडं. आणि मजुरी, प्रत्येकीची, बाहेर गावात जो दर चालतो त्या दरानं. "आपल्याच बाया आहेत, कमी धरू" असं करायचं नाही. समान कामाला समान वेतनाचा नियम १९७६ सालच्या कायद्यानं आला. तो आपणच आपल्या वहीत मोडायचा का?

दुसरा रकाना वरकड खर्चाचा. थापी, घमेली, फावडी झिजतात. फोन लागतो. काम बघायला, माप घ्यायला गेलेला दिवस बुडतो, आणि दर वेळी काम मिळतंच असं नाही. कर्जाचं व्याज असतं. आम्ही एका वर्षाचं सगळं मांडलं. कामं झाली ४ लाखांची आणि वरकड खर्च ६० हजार. म्हणजे बिलाच्या रुपयामागे १५ पैसे.

तिसरा रकाना नफ्याचा. मजुरी म्हणजे नफा नव्हे, ती आपल्या घामाची. नफा गटाचा. त्यातून अवजारं येतात, पावसाळ्यात काम बंद असलं तर आधार होतो. आम्ही रुपयामागे १० पैसे धरतो.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण आम्ही इथंच फसलो होतो. समजा थेट खर्च ३० हजार आहे. १५ आणि १० मिळून २५. म्हणून आम्ही ३० हजारांत २५ टक्के मिळवायचो आणि साडेसदतीस हजार सांगायचो. पण ते १५ पैसे बिलाच्या रुपयातले आहेत, खर्चाच्या नव्हे. साडेसदतीस हजारांचे १५ टक्के ५,६२५ होतात. हाती उरले १,८७५, म्हणजे रुपयामागे फक्त ५ पैसे. निम्मा नफा गेला!

बरोबर रीत अशी. रुपयातले २५ पैसे वरकड आणि नफ्याचे, तर कामाला उरले ७५ पैसे. म्हणून ३० हजारांना ७५ नं भागायचं आणि १०० नं गुणायचं. येतात ४० हजार. तोच आपला दर. मोबाईलवर दोन मिनिटांत होतं.

समोरचा म्हणेल, "फार होतात." मग दर कमी करू नका, काम कमी करा. "रंग तुम्ही करून घ्या, तेवढे पैसे वजा." घासाघिशीत दोन हजार सोडायचेच असतील, तर ते कोणाच्या ताटातून जाणार हे आधी गटात विचारा.

आणखी दोन गोष्टी. दर कागदावर द्या, त्यात कोणतं काम धरलं आणि कोणतं नाही ते लिहा, आणि "हा दर १५ दिवसांपुरता" हेही लिहा, कारण सिमेंटचा भाव थांबत नाही. "एवढी मोरीही करून टाका" असं म्हटलं, की वेगळा दर, वेगळी सही. पैसे तीन हप्त्यांत घ्या: सुरुवातीला सामानापुरते, मध्ये, आणि काम संपताना.

या रीतीनं दर सांगायला लागल्यावर काही कामं हातची गेली, हेही खरं. पण जी मिळाली त्यांत शनिवारी हजेरीचे पैसे सगळ्यांच्या हातात पडले. ती ताई परत आली आहे. वही आता तिच्याच हाती असते.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक करा. मागच्या एका कामाचा कागद काढा आणि तीन रकाने भरून बघा. कुठला रकाना रिकामा होता, ते आपोआप दिसेल.