राउटरचा भुसा कोठे जातो?
(सुतारकामाच्या वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आपण भुशाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजी, भुशात काय बोलायचे? झाडला, गोणीत भरला, संपले. तसे असते तर मी येथे उभा राहिलो नसतो.

आपल्या वाडवडिलांनी रंधा चालवला. रंध्यातून ढलप्या निघत. त्या जड, लांबट, पायाशी पडत. आज तुमच्या कारखान्यात राउटर आला आहे. त्याचे बिट एका मिनिटात १०,००० पासून २४,००० पर्यंत फेरे घेते. इतक्या वेगाने कापले म्हणजे लाकडाचे पीठ होते. पीठ लगेच खाली पडत नाही, हवेत तरंगते. तुम्ही जेवायला बसता तेव्हाही ते तरंगतच असते. म्हणून "आमच्या बापाने भुशात जन्म काढला, त्याला काय झाले?" असे कोणी विचारले, तर सांगा की बापाचा भुसा वेगळा होता, तुमचा वेगळा आहे.

इंग्लंडात हाय विकम नावाचे गाव आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या खुर्च्या बनत. १९६० नंतरच्या दहा वर्षांत तेथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई एस्मे हॅडफील्ड यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग एरवी फार क्वचित होतो. पण त्यांच्याकडे येणाऱ्या अशा रोग्यांत फर्निचरचे कामगार फार होते. पुढे ऑक्सफर्डच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी त्याचा तपास केला, आणि बोट भुशाकडे गेले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. घाबरून जाऊ नका. हा रोग आजही थोड्यांनाच होतो, आणि पुष्कळ वर्षांनी होतो. पण दमा आणि खोकला काही थोड्यांना होत नाहीत. तुमच्यापैकी कितीजण रात्री खोकतात, ते तुमच्या घरच्यांना विचारावे!

आता उपाय. करवतीला, रंध्याच्या यंत्राला तुम्ही भुसा ओढणारे यंत्र जोडलेच आहे. त्याला डस्ट कलेक्टर म्हणतात. राउटरच्या टेबलाला मात्र ते नीट जोडलेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले. कारण सोपे आहे. येथे भुसा दोन वाटांनी जातो.

लाकडाची कड कापताना भुसा मागे उडतो. ज्या उभ्या फळीला धरून आपण लाकूड सरकवतो, त्या फेन्सच्या खाचेत तो शिरतो. पण लाकडाच्या मध्ये खोबण पाडताना फेन्सची वाट बंद असते. मग तो बिटाच्या भोवतीच्या भोकातून टेबलाखाली पडतो. म्हणून एक नळी फेन्सच्या मागे आणि एक टेबलाखाली, अशा दोन हव्यात. एकीने भागत नाही.

खालच्या बाजूला राउटर उलटा टांगलेला असतो. त्याच्या भोवती पेटी करा. पेटीच्या मागच्या अंगाला ४ इंची पाइप जोडा आणि आत एक उतरती फळी बसवा, म्हणजे भुसा कोपऱ्यात साचणार नाही, पाइपाकडे घसरेल.

येथे बरेच कारागीर एक चूक करतात. पेटी चहूकडून गच्च बंद करतात. त्यांना वाटते, बंद केली म्हणजे ओढ वाढेल. अहो, बाटलीचे तोंड ओठांत घट्ट धरून ओढले तर हवा येते का? हवा आत आली तरच ती भुशाला घेऊन बाहेर जाईल. शिवाय राउटरच्या मोटरला गार हवा लागते. बंद पेटीत ती तापते आणि आपलाच भुसा पोटात घेते. म्हणून पेटीच्या पुढच्या दारात, मोटरच्या तोंडासमोर, १२ इंच लांब आणि १ इंच रुंद अशी फट ठेवा. ही फट जवळजवळ ४ इंची पाइपाच्या तोंडाएवढीच भरते.

फेन्सला बहुधा अडीच इंची नळी असते. पुष्कळांना वाटते, चार आणि अडीच, यांत फरक तो किती? ज्यांना अडीचकी पाठ आहे त्यांनी सांगावे. चार चोक सोळा. अडीच अडीच सव्वासहा. पाइपाचे तोंड या हिशेबाने मोजतात. म्हणजे मोठी नळी लहान नळीच्या अडीचपटीहून अधिक हवा नेते. म्हणून मुख्य पाइप ४ इंची ठेवा, तोच पेटीपर्यंत न्या, आणि त्यातून अडीच इंची फांदी फेन्सकडे काढा. फांदी झाडाच्या फांदीसारखी तिरपी फुटावी, काटकोनात नको. काटकोनी वळणावर वारा अडखळतो आणि भुसा तेथेच बसतो. वळण घ्यायचेच असेल तर ४५ अंशांचे दोन सांधे जोडा. वळ्यावळ्यांची लवचीक नळी हातभर ठीक; बाकी गुळगुळीत पाइप. भुसा वाहून न्यायला पाइपातला वारा सेकंदाला सुमारे २० मीटर धावावा लागतो.

इतर यंत्रांच्या झडपा बंद करूनच राउटर चालवा, नाहीतर ओढ वाटली जाते. ओढ आहे की नाही हे पाहायला पातळ कागदाची पट्टी फटीपाशी धरा. ती आत झुकली पाहिजे. कोणी उदबत्तीचा धूर लावून पाहतो. ते करू नका. भुशाजवळ आग नको, विडी तर मुळीच नको.

पिशवीकडेही लक्ष द्या. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. छातीत उतरणारी धूळ १० मायक्रॉनपेक्षा बारीक असते, आणि स्वस्त यंत्रांच्या पुष्कळ पिशव्या ३० मायक्रॉनच्या असतात. म्हणजे ढलप्या आत राहतात आणि विष पुन्हा खोलीत येते. बारीक गाळणी घ्या. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, तोंडावर नीट बसणारा मास्क असू द्या. गळ्यातला पंचा पुरत नाही, बरं का.

आधी ओढणारे यंत्र सुरू करा, मग राउटर. बंद करताना आधी राउटर, मग थोड्या वेळाने यंत्र. बिट बदलताना वायर भिंतीतून काढून ठेवा.

राहता राहिला पिशवीतला भुसा. सागाचा चुलीला चालतो. एम.डी.एफ.च्या फळीचा मात्र चुलीत घालू नका, गोठ्यातही पसरू नका. त्यात रासायनिक सरस असतो. तो वेगळ्या गोणीत भरून तोंड बांधून ठेवा.