हजार विड्यांची मजुरी



नगरच्या तोफखान्यात किंवा श्रमिकनगरात दुपारी गेलात, तर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका घरोघरी दिसतात. आपापसात तेलुगू, तुमच्या-माझ्याशी मराठी. तेलंगणातून विणकर म्हणून आलेल्या पद्मशाली समाजाच्या या लेकीसुना. हातमाग बसत गेले आणि घरखर्चाचा भार विडीवर आला.

रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी पत्र्याचं माप धरून कात्रीनं कापायची. मग चिमूटभर तंबाखू, एक वळसा, नखानं तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. माल कारखान्यात गेला की तपासणीत नापसंत विड्या बाजूला निघतात, ती छाट. पान मुळात खराब मिळालेलं असलं, तरी छाट बाईच्याच पदरी. छाट साधारणपणे शेकडा 5 च्या वर जाऊ नये, असं राज्याच्या नियमांत घातलं गेलं, ते उगाच नाही.

घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच, हे 1966 च्या कायद्यानं मान्य केलं. कारखानदार कोर्टात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. 1976 मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला.

विडी ओढणं वाईटच, आणि तंबाखूची धूळ वळणारीच्याही छातीत जाते. हा धंदा आटला तर मला वाईट वाटणार नाही. पण दुसरं काम हाती येईपर्यंत या बायकांनी खायचं काय, हे आधी सांगायला हवं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते विडी कामगाराचं कार्ड. कार्ड सासूच्या नावावर; वळतात मात्र सासू, सून आणि शाळेतून आलेली नात. प्रॉव्हिडंट फंड सासूचा, पेन्शन सासूची. तीही किती? 2014 पासून किमान पेन्शन ठरली महिना 1000 रुपये. सुनेची चाळिशी उलटते, पाठ धरते, आणि तिच्या नावावर कामाचा एक दिवसही नसतो. उद्या विडी बंद पडली, तर नुकसानभरपाई मागायला ती कुठला कागद दाखवणार?

म्हणून घरातल्या कर्त्या माणसांना सांगणं आहे: सुनेचं कार्ड वेगळं मागा, फंडाचं खातं तिच्या नावानं उघडायला लावा. आणि नातीच्या हातातलं सूप आजच काढून घ्या.